मागीलप्रमाणे

आमच्या ह्यांना स्वप्नं पडत नाहीत. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, एक नाही. झोपले की दगड आणि उठले की घड्याळ. आणि माझा डोळा लागायचा अवकाश, मला भरभरून पडतात. दुपारी कपडे वाळत घालून पाच मिनिटं टेकले तरी तेवढ्यात वेंगुर्ल्याला जाऊन येते. माझी आई, सुंदराबाई, म्हणायची, सपान कधी खोटा नसता गो बाये, फक्त उशिरा कळता. ह्यांचं म्हणणं असं की स्वप्नाला ना तारीख, ना वजन, ना माप, मग त्याचं करायचं काय?

नाव चंद्रप्रकाश. नावात चंद्र आणि स्वभाव ट्यूबलाइटचा. तेहतीस वर्षं सरकारच्या आकडेवारी खात्यात भाव गोळा करायचं काम केलं. महागाई अमुक टक्के वाढली असं बातम्यांत सांगतात ना, त्या टक्क्याच्या अगदी तळाशी ह्यांच्यासारखी माणसं असतात. घाटकोपर-भांडुपची ठरलेली दुकानं, ठरलेला वार, ठरलेली वस्तू. तोच तांदूळ, तोच साबण, तेच खोबरेल. न्हाव्याकडे जाऊन विचारायचे, आज दाढीचे किती? स्वतःची दाढी मात्र घरी.

त्या कामाचा एक नियम होता, तो आधी सांगून ठेवते. एखाद्या दिवशी दुकान बंद असलं, नाहीतर वस्तूच आली नसली, तर रकाना रिकामा सोडायचा नाही. मागच्या महिन्याचाच भाव लिहायचा आणि पुढे दोन अक्षरं टाकायची, मा.प्र. म्हणजे मागीलप्रमाणे. पण असं दोनदाच चालतं. तिसऱ्या महिन्यातही वस्तू मिळाली नाही की तिच्यावर लाल रेघ मारायची आणि बदली वस्तू शोधायची.

हे मा.प्र. आमच्या घरातसुद्धा शिरलं होतं. आज भाजी कुठली करू? मागीलप्रमाणे. तब्येत कशी आहे? मागीलप्रमाणे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी जरा लाडात येऊन विचारलं, अहो, मी आवडते का हो अजून? पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मागीलप्रमाणे." आठ दिवस बोलले नव्हते मी. नुसती ताटं आपटत होते.

रिटायर झाले तेव्हा वाटलं, सुटले बाई. कसली सुटतेय. गेल्या वर्षी ह्यांच्या डोक्यात मंदीने घर केलं. मंदी येतेय, कुंदा, म्हणायचे. टीव्हीवर सगळं आलबेल. बाजार वर, मॉल भरलेले, आणि आमचे हे वही घेऊन रद्दीवाल्याकडे उभे. पुठ्ठ्याचा भाव काय? पुठ्ठा पडला म्हणजे खोकी कमी लागतायत, खोकी कमी म्हणजे माल कमी जातोय. मग इस्त्रीवाल्याच्या गाडीपाशी. कॉलरचे शर्ट किती, टीशर्ट किती? मग नाक्यावर रिकाम्या उभ्या रिक्षा. आजूबाजूचे लोक मॉर्निंग वॉकला जायचे, हे मंदी शोधायला.

पण ह्यांचा खरा जीव गेटवर. आमची मुलुंड पूर्वेला सोसायटी आहे, बी विंगमध्ये साठ घरं. एप्रिलपासून हे रोज सकाळी साडेआठ ते साडेनऊ गेटजवळच्या कट्ट्यावर वही घेऊन बसायला लागले. वहीत घराघराची ओळ आखलेली. कामावर जाणाऱ्यांच्या गळ्यात आता कंपनीचं कार्ड असतं, रंगीत पट्ट्याला अडकवलेलं. तो पट्टा दिसला की त्या घरापुढे बरोबरची खूण. ह्या लोकांना हे पट्टेवाले म्हणायचे. इंजिनिअर पोरांना पट्टेवाला म्हटल्यावर त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची, पण ह्यांना त्याचं काय. महिनाअखेर सोसायटीच्या बोर्डावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लागायची: बी विंग, पट्टेवाले ५८. तळमजल्यावर प्रेमा राहते, तिने ह्यांचं नाव मंदीकाका ठेवलं आणि ते पंधरा दिवसांत सगळ्या सोसायटीने उचललं. मला लाज वाटायची. उगाच कशाला खोटं बोलू?

आमच्या तिसऱ्या मजल्यावरून मिठागरं दिसतात. थंडीत तिकडून सकाळी पांढरं असं काहीतरी सरकत येतं, निम्मं धुकं, निम्मा धूर. त्यात गेट बुडतं, झाडं बुडतात, कट्ट्यावरचे हेसुद्धा कमरेपर्यंत बुडतात. मग जिन्यातून एकेक माणूस त्या पांढऱ्यात उतरतो आणि थोडा वेळ नुसता पट्टा तेवढा दिसतो. निळा जातो, हिरवा जातो, लाल जातो, नारिंगी जातो. कुणाचे पाय नाहीत, तोंडं नाहीत, आवाज नाही. आणि वर खाडीकडे फ्लेमिंगोंची एक गुलाबी ओळ, तीही तशीच गुपचूप. मी चहाचा कप घेऊन बघत राहायचे आणि मागे दूध उतू जायचं.

त्यातला नारिंगी पट्टा आमच्या रुचीचा. रुचिरा, एकुलती एक, एकोणतिसाची. एमबीए. आधी घाटकोपरला एका जुन्या कंपनीत होती, बरी होती, पण तिथे पाच वर्षांत खुर्चीसुद्धा बदलली नाही म्हणायची. एप्रिलमध्ये तिने ती सोडली आणि अंधेरीला नव्या कंपनीत गेली. काम तेच, भरतीचं. माणसं शोधायची, मुलाखती घ्यायच्या, कामावर घ्यायची. पेढे घेऊन आली त्या दिवशी ह्यांनी पेढा हातात धरला आणि म्हणाले, भरतीवाल्यांना ओहोटी सगळ्यात आधी लागते. मंदी आली की पहिली सुट्टी माणसं घेणाऱ्यांची. जुनी नोकरी सोडायला नको होतीस.

पेढा तरी आधी खायचा ना माणसाने! पोर पांढरी पडली. मग तीही माझीच मुलगी, ऐकून घेते होय? म्हणाली, "मला चांगली नोकरी मिळाली हे तुम्हाला दिसत नाही बाबा, मंदी दिसते. जाळा ती वही." त्यानंतर बापलेकीत बोलणं उरलं ते इतकंच, जेवलीस का, जेवले. तुमची गोळी घेतलीत का, घेतली. आणि पुढच्याच सोमवारी हे गेटवर जाऊन बसले. मला वाटलं, हट्टाने बसले. मुलीला दाखवून द्यायला बसले.

दिवाळीच्या चार दिवस आधी, गुरुवारी, रुची भर दुपारी घरी आली. हे रद्दीवाल्याकडे गेले होते. ती चपला न काढता पलंगावर बसली आणि गळ्याशी हात नेला. तिथे काही नव्हतं. अकरा जणांना एका खोलीत बोलावलं, दहा मिनिटं बोलले आणि दारात उभं राहून पट्टे काढून घेतले, म्हणाली. अकरा जणांतल्या सात जणांना तिनेच कामावर घेतलं होतं. ते सगळे तिच्याकडे बघत होते.

मी तिला जवळ घेतलं. रड म्हटलं, पण रडली नाही. म्हणाली, "आई, बाबांना नाही सांगायचं. मला त्या वहीत जायचं नाही. मी लाल रेघ झाले की त्यांचं खरं होणार, आणि ते मला बघायचं नाही."

मी शपथ घेतली. आणि खरं सांगते, मलाही तीच भीती होती. नवऱ्याला मुलीचं वाईट झालेलं बघून आनंद होईल असं मी म्हणत नाही. पण आकडा जुळला की ह्यांच्या तोंडावर जो एक समाधानाचा थर येतो, तो मी छत्तीस वर्षं बघितलाय. तो थर मुलीच्या बाबतीत आला असता तर मी ह्या माणसाबरोबर पुढे कशी राहिले असते, मला माहीत नाही.

प्रश्न पडला पट्ट्याचा. उद्या सकाळी ती गेटमधून जाणार आणि हे तिथे बसलेले. गळा रिकामा दिसला की संपलं. मी शिवणाचा डबा उपसला. त्यात परकराची नाडी सापडली, नारिंगी, अगदी त्याच रंगाची. दुहेरी केली, बारीक टाके घातले, खाली हूक लावला, तो पर्समध्ये खुपसायचा म्हणजे कार्ड आत आहे असं वाटावं. रुचीने आरशात बघितलं. आधी हसली, मग हसता हसता दुपारभर राहिलेलं रडं एकदम बाहेर आलं. एमबीए करून गळ्यात परकराची नाडी, आई, म्हणाली. मी म्हटलं, गप. झकास दिसतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघत होते. देव पाण्यात घातले होते म्हणा ना. नाडी गेटपाशी गेली, ह्यांनी मान वर केली, मान खाली घातली, वहीत काहीतरी लिहिलं. नाडी गेटबाहेर निघून गेली. मी खुर्चीत बसले. हुश्श. जिंकलो.

मग ते रोजचंच झालं. ती साडेआठला निघायची आणि सातला परत यायची. मधे अर्ज करायची, एखाद्या मुलाखतीला जाऊन यायची. उरलेला दिवस कुठे काढतेस विचारलं तर म्हणाली, आरे कॉलनीत. डिसेंबरमध्ये एकदा मी तिच्याबरोबर गेले, बहिणीकडे जाते असं ह्यांना सांगून. पवईकडून जाणारी बस घेतली, आरेच्या फाट्यावर उतरलो, आतली दुसरी बस घेतली. पाच मिनिटांत मुंबई कुठे गेली कळलं नाही. दोन्ही बाजूंनी झाडं, रस्त्यावर सावल्यांची जाळी, तबेल्यांतून म्हशींच्या अंगाची वाफ वर जातेय आणि उन्हात विरतेय. एका पाड्यापाशी दगडी बांध होता. तिची रोजची जागा. लॅपटॉप मांडीवर, डबा शेजारी. पाड्यातली एक म्हातारी पालेभाजीच्या जुड्या घेऊन बसली होती, तिने मला विचारलं, तुमची पोरगी कसलं ऑफिस चालवते इथे?

झाडाला टेकले आणि माझा डोळा लागला. स्वप्न पडलं. मिठागरं होती, लांबच लांब, चटका बसेल इतकी पांढरी. बी विंगमधली सगळी माणसं पट्टे घालून ओळीने त्यात चालली होती. बांधावर हे बसलेले. हे ज्याच्या नावावर रेघ मारायचे तो जागच्या जागी मिठाचा होऊन उभा राहायचा, हसरा, पर्ससकट. शेवटी रुची आली. ह्यांनी लाल पेन उचललं. मी ओरडायला गेले तर तोंडात मीठ. जागी झाले तेव्हा एक म्हैस अगदी जवळ येऊन माझ्याकडे बघत होती आणि रुची कुणाशी तरी फोनवर इंग्रजीत गोड बोलत होती. "नाही झालं," असं तिने फोन ठेवल्यावर सांगितलं. ऊन तेवढ्यात पानांवरून उतरून तिच्या पायांवर आलं होतं. इतक्या सुंदर जागी इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

ते स्वप्न उगाच पडलं नव्हतं. बोर्डावरचा आकडा खरंच उतरायला लागला होता. ऑक्टोबरला सत्तावन्न, नोव्हेंबरला पंचावन्न. मंदीकाका म्हणून हसणारे आता चिठ्ठी लागली की बोर्डापुढे थांबायचे, चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवून वाचायचे. चिठ्ठीत नावं नसायची. पण ज्याच्यामुळे आकडा उतरला त्याला तर कळायचंच.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी चौथ्या मजल्यावरचा धम्मपाल आमच्या दारात आला. पवईला मोठ्या कंपनीत होता, बायको रश्मी शाळेत शिकवते. उभ्यानेच म्हणाला, काका, माझी नोकरी गेली. घरी आई आजारी आहे, तिला कळायला नको, बोर्ड ती रोज वाचते, आकडा उतरला की मी घरी का बसलोय ते ओळखेल. मला खोडू नका. घरून काम करतोय म्हणा.

हे म्हणाले, "आकडा म्हणजे आकडा, धम्मपाल."

तो बरं म्हणाला आणि गेला. जिन्यात रश्मी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्या दिवशी ह्यांना काय काय बोलले ते इथे सांगत नाही. काळजाच्या जागी पाटावरवंटा आहे असं म्हटलं, तेवढं पुरे. ह्यांनी ऐकून घेतलं. वही उघडली, पट्टी ठेवली, लाल रेघ मारली. चिठ्ठी लागली, ५४. त्या दिवशी माझी खात्री झाली की रुचीचं कळलं तर तिच्यावरही पट्टी ठेवूनच रेघ पडेल.

संक्रांतीला बापलेकीने एकमेकांना तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाले आणि गप्प बसले.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्या धुराने ह्यांना खोकला धरला. डॉक्टरने तीन दिवस सकाळचं बाहेर पडायचं नाही म्हणून दम भरला. शुक्रवारी सकाळी मफलर गुंडाळून पलंगावर बसले, खिडकीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग वही माझ्यापुढे धरली. "कुंदा, आज तू मोज."

छत्तीस वर्षांत ह्या माणसाने मला वहीला हात लावू दिला नव्हता. मी खाली गेले. कट्टा गार होता. धुकं इतकं की गेटवरचा वॉचमन नुसताच खोकताना ऐकू येत होता. मी वही मांडीवर घेतली आणि जिन्याकडे बघत बसले. खालून सगळं वेगळंच दिसतं. वरून नुसते पट्टे दिसायचे, इथे तोंडं दिसत होती, केस ओले, डोळ्यांत झोप, कुणी चालता चालता पोळीचा शेवटचा घास कोंबतोय. प्रत्येकजण पांढऱ्यातून निघून माझ्याकडे बघत जवळ यायचा, काकू आज तुम्ही, म्हणायचा, आणि पांढऱ्यात जायचा. ह्यांनी दहा महिने रोज हे बघितलं होतं. मी खुणा करत गेले. एकशे दोन, बरोबर. दोनशे एक, बरोबर.

तीनशे चार आलं. ते आमचं घर. पान डोळ्यांजवळ धरलं. ऑक्टोबरच्या रकान्यात, सतरा तारखेला, ह्यांच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: पट्टा नाही. नाडी, नारिंगी. मा.प्र.

मी परत वाचलं. सतरा ऑक्टोबर म्हणजे पहिलाच दिवस. मी खिडकीत हुश्श करत होते तेव्हाच.

नोव्हेंबरचा रकाना: मा.प्र. डिसेंबर: मा.प्र. तीनदा. ज्या माणसाने तेहतीस वर्षांत एक खोबरेलाची बाटली तिसऱ्यांदा मागीलप्रमाणे लिहिली नाही, त्याने. बोर्डावर दर महिन्याला लागलेला आकडा एकाने खोटा होता. आणि धम्मपालच्या ओळीवर लाल रेघ होती, सरळ, पट्टीने मारलेली. मला एकाच वेळी रडू येत होतं आणि राग येत होता.

तेवढ्यात रुची आली. गळ्यात नाडी. मी वही तिच्यापुढे धरली आणि ओळीवर बोट ठेवलं. तिने वाचलं. कट्ट्यावर माझ्याशेजारी बसली. साडेनऊ वाजेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून होतो आणि धुकं हळूहळू मिठागरांकडे परत जात होतं. मग ती उठली आणि वर निघाली. मी मागोमाग.

हे तसेच पलंगावर. तिला ह्या वेळी घरात बघून वहीकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिने गळ्यातली नाडी काढली आणि उशीवर ठेवली.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"कंपनीचा पट्टा उन्हात चकाकतो," हे म्हणाले. "नाडी चकाकत नाही. आणि टाके तुझ्या आईचे. माझ्या लेंग्यालाही तसेच असतात."

मग बोलला का नाहीत, तिने विचारलं. हे म्हणाले, दुकानदाराने तोंडाने सांगितलेला भावच लिहायचा असतो. आपण अंदाज करायचा नसतो. तू सांगशील म्हणून थांबलो.

रुची पलंगाच्या कडेवर टेकली. तुमचं खरं झालं म्हणून तुम्हाला बरं वाटेल असं मला वाटलं होतं, म्हणाली. ह्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय हे मला नेहमीच अनोळखी वाटतात, कुणाचा तरी मुलगा असल्यासारखे. खोकला आला, तो जाऊ दिला.

"तू त्या कंपनीत लागलीस त्या सोमवारी मी खाली बसायला लागलो, रुची. माझं चुकलंय हे बघायला. रोज तुझा पट्टा गेला की वाटायचं, चुकलं, बरं झालं. बाकीचे पट्टेवाले उगाच मोजले. एकटीलाच मोजलं असतं तर तुला कळलं असतं."

रुचीने वही उघडली आणि अक्षरांच्या त्या तीन जोड्यांवरून बोट फिरवलं. दोनदाच लिहायचं असतं ना, म्हणाली, तुम्ही तीनदा लिहिलंय.

"तो खात्याचा नियम. मी रिटायर झालो."

ती हसली. आणि मग, माझीच मुलगी ती, लगेच विचारलं, "मग धम्मपालदादाला का खोडलंत?"

त्याने तोंडाने सांगितलं, सांगितलं की लिहावं लागतं, असं काहीतरी हे पुटपुटले. रुची म्हणाली, मग मीही आत्ता सांगते, माझी नोकरी गेली. मारा रेघ. आणि तिने स्वतः उठून पट्टी आणि लाल पेन आणून ह्यांच्या हातात दिलं.

हे पेन हातात धरून बसले. मी दारात उभी होते. आरेतल्या स्वप्नातलं मीठ तोंडात आल्यासारखं झालं. मग ह्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि मला म्हणाले, कुंदा, दाढीचं ब्लेड आण.

लाल शाई खोडरबराने जात नाही. जुन्या कारकुनांसारखं ब्लेडच्या कोपऱ्याने खरवडायला लागतं, कागद फाटू न देता. चार घरांवरच्या चार रेघा ह्यांनी दीड तास बसून खरवडल्या. मधे खोकला आला की रुची वही धरायची. रेघ गेली तिथे कागद पातळ झाला, उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसावं इतका. त्यावर ह्यांनी अगदी हलक्या हाताने लिहिलं, मा.प्र. चारदा. मग पाचव्यांदा, आमच्या ओळीत.

महिनाअखेरीची चिठ्ठी ह्या खेपेला रुचीने बोर्डावर लावली. बी विंग, ५८, मा.प्र. प्रेमा वाचून म्हणाली, चला, मंदीकाकांची मंदी उठली एकदाची. मी म्हटलं, हो बाई.

मंदी कसली उठतेय. पुठ्ठा त्याच आठवड्यात किलोमागे आणखी एक रुपयाने पडला, हे मला ह्यांनीच सांगितलं. रुची अजून अर्ज करते, पण आता घरातूनच, जेवणाच्या टेबलावर बसून. दुपारी हे तिला चहा करून देतात. वाईट करतात, ती पिते.

चिठ्ठी लागली त्या संध्याकाळी भाजी घेऊन येत होते तर बोर्डापुढे रश्मी उभी. मला वाटलं, न बोलता जाईल. तिने विचारलं, काकू, हे मा.प्र. म्हणजे काय?

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, दुकानाचं शटर खाली असलं ना गं, की ह्यांच्या खात्यात वस्तू गेली असं लिहीत नाहीत. होता तोच भाव धरतात, उघडेपर्यंत. मागीलप्रमाणे.

तिने परत एकदा वाचलं. आई रोज वाचतात हे, म्हणाली. आणि माझी एक पिशवी उचलून जिना चढायला लागली.

घरी आले तर हे पेपर उघडून बसले होते. मी भाजी ओट्यावर ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि समोर जाऊन उभी राहिले. अहो, म्हटलं, मी आवडते का हो अजून?

"मागीलप्रमाणे," हे म्हणाले.

मी तिथेच खुर्ची ओढून बसले.